हौशी नेमबाजांनाही रेंज हवी

चाळिशी उलटलेलं कुणी नेमबाजी शिकायला रेंजवर गेलं, की पहिला प्रश्न ठरलेला असतो : "मुलासाठी चौकशी करताय का?" स्वतःसाठी म्हटलं तर समोरचा क्षणभर बघत राहतो. मग "बघू, लहान मुलांच्या बॅचेस संपल्यावर काही जमतं का" असं काहीतरी सांगून बोळवण होते. मी इलेक्ट्रॉनिक टार्गेट बसवण्याचं आणि दुरुस्तीचं काम करते, त्यामुळे रेंजवर येणंजाणं असतं. हा संवाद मी अनेक ठिकाणी ऐकलाय आणि दर वेळी मला त्याचा राग आलाय.

गेल्या आठवड्यात कंपनीने मला एका जिल्ह्याच्या ठिकाणी पाठवलं. तिथल्या क्लबने शनिवार-रविवारी हौशी नेमबाजांची स्पर्धा भरवली होती, 10 मीटर एअर रायफल आणि एअर पिस्तूल. टार्गेटं लावून द्यायची, स्पर्धा संपेपर्यंत थांबायचं आणि उतरवून परत यायचं, एवढंच माझं काम. या स्पर्धेतून पुढे कुठेही निवड होणार नव्हती, बक्षीस म्हणून प्रमाणपत्र आणि छोटी ट्रॉफी. तरी एकही लेन रिकामी नव्हती. बँकेतून निवृत्त झालेले काका होते, एक द्राक्षबागायतदार होते, रात्रपाळी संपवून थेट रेंजवर आलेली नर्स होती. कॉलेजच्या दोन मैत्रिणी क्लबच्या एकाच रायफलवर खेळत होत्या. एकीचं डिटेल, म्हणजे खेळायची पाळी, संपलं की दुसरी घाईघाईने खांद्याला टेकणारी बट प्लेट आणि गालाला टेकणारं चीक पीस आपल्या मापाचं करून घ्यायची.

ज्यांनी हा खेळ जवळून पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते. एअर रायफलच्या टार्गेटवर दहाचा ठिपका अर्धा मिलिमीटरचा असतो. पेलेट, म्हणजे छर्रा, साडेचार मिलिमीटरची. दहा मीटरवर उभं राहून, पाच किलोच्या आसपासची रायफल धरून, सव्वा तासात साठ शॉट मारायचे. हल्ली रायफलचे गुण दशांशात मोजतात, म्हणजे नुसता दहा मारून भागत नाही, 10.9 पर्यंत जाता येतं. पिस्तूल तर एकाच हाताने. यात पळायचं नाही की उड्या मारायच्या नाहीत, पण डिटेल संपवून बाहेर आलेल्या माणसाचा शर्ट पिळावा इतका ओला असतो.

शनिवारी दुपारच्या डिटेलमध्ये पन्नाशीच्या एका काकूंच्या लेनवर स्क्रीनने अचानक झिरो दाखवला. आधीचे शॉट सुरेख चालले होते. काकूंनी रायफल स्टँडवर ठेवली, हात वर केला आणि रेंज ऑफिसरना शांतपणे म्हणाल्या, "सर, शॉट आत गेलाय. एकदा बघून घ्या." त्यांचं बरोबर होतं. आमच्या या प्रकारच्या टार्गेटमध्ये मायक्रोफोन असतात. पेलेट टार्गेटमधली कागदाची पट्टी फाडून जाते तेव्हाचा आवाज प्रत्येक मायक्रोफोनपर्यंत किती वेळाने पोचला, यावरून मशीन शॉटची जागा काढतं. प्रत्येक शॉटनंतर पट्टी थोडी पुढे सरकायला हवी. ती अडकली तर एकाच ठिकाणी भोक मोठं होत जातं आणि पुढची पेलेट त्यातून आवाज न करता निघून जाते. मशीनच्या लेखी काही आलंच नाही. म्हणजे ज्याचे शॉट इकडेतिकडे जातात त्याला बराच वेळ काही कळत नाही. जो पुन्हा पुन्हा मध्यावर मारतो, झिरो आधी त्याला येतो.

राखीव लेन नव्हती, त्यामुळे पट्टी सोडवायला मलाच टार्गेटपाशी जावं लागणार होतं. आणि माणूस पुढे जाणार म्हणजे अख्खी लाइन थांबणार. "स्टॉप, अनलोड" झालं. प्रत्येकाने बॅरलमध्ये सेफ्टी फ्लॅग, म्हणजे हत्यार रिकामं असल्याची खूण, घातला, रायफली-पिस्तुलं खाली ठेवली आणि सगळे दोन पावलं मागे सरले. ऑफिसरनी एकेक लेन स्वतः तपासली, मगच मला जा म्हणाले. मी पुढे असेपर्यंत कुणी आपल्या हत्याराला बोटही लावलं नाही. "लोकांच्या हातात बंदुका कशाला द्यायच्या" म्हणणाऱ्यांनी एकदा हे येऊन बघावं. त्यांची भीती मी समजू शकते, पण हत्याराची शिस्त एवढी काटेकोर शिकवणारी जागा मला तरी दुसरी माहीत नाही.

काम पाच मिनिटांच्या वर गेलं. नियमाप्रमाणे सगळ्यांना पाच मिनिटं वाढवून मिळाली आणि हवे तेवढे साइटर, म्हणजे गुणांत न धरले जाणारे शॉट, मारायची मुभाही. काकूंना तो शॉट पुन्हा दिला गेला. हा सगळा वेळ शेजारच्या लेनवरचा बारा-तेरा वर्षांचा मुलगा जॅकेट तसंच कसून उभा होता, चेहरा रडवेला. त्याच्या वडिलांच्या काचेमागून खाणाखुणा चालल्या होत्या. काकू त्याला म्हणाल्या, "बाळा, जॅकेटची बटणं मोकळी कर. बस खाली, पाणी पी. पाठ धरेल अशाने." तो बसला. नंतरची त्याची दहा शॉटची सिरीज दिवसातली सगळ्यात चांगली झाली. मशीन माझ्या हातात असल्यामुळे आकडे मी बघत होते, म्हणून खात्रीने सांगते.

मोठ्या माणसांची हौस म्हणजे मुलांच्या सरावाची जागा अडवणं, असा एक समज आहे. मला तो साफ चुकीचा वाटतो. एखादं पदक आलं की मुलांची झुंबड उडते आणि दहावीचं वर्ष आलं की निम्मी मुलं घरी बसतात. बारा महिने वर्गणी भरणारे, हवा भरायचा कॉम्प्रेसर बिघडला तर पदरचे पैसे घालणारे, स्पर्धेच्या दिवशी टेबलावर बसून नावं लिहून घेणारे बहुतेक ठिकाणी हे हौशी लोकच असतात.

वयाचं कारण या खेळात तर मुळीच टिकत नाही. स्वीडनच्या ऑस्कर स्वान यांनी 1920 च्या अँटवर्प ऑलिंपिकमध्ये रौप्य मिळवलं तेव्हा ते 72 वर्षांचे होते. 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये तुर्कस्तानच्या युसुफ दिकेच यांनी पन्नाशी ओलांडल्यावर मिश्र सांघिक पिस्तुलात रौप्य घेतलं. उत्तर प्रदेशातल्या जोहरी गावच्या चंद्रो तोमर यांनी तर साठी ओलांडल्यावर पहिल्यांदा पिस्तूल हातात घेतलं. जर्मनीत हजारो गावांत नेमबाजीचे क्लब आहेत आणि त्यांतले बहुसंख्य सभासद कधीच कुठल्या निवड यादीत नसतात. आपल्याकडे राष्ट्रीय रायफल संघटना 1951 साली स्थापन झाली. तिचे पहिले अध्यक्ष लोकसभेचे सभापती गणेश वासुदेव मावळंकर होते, आणि राष्ट्रीय स्पर्धेच्या आधीची पात्रता स्पर्धा आजही त्यांच्या नावाने भरते. सामान्य नागरिकाने नेम धरायला शिकावं, हा विचार या खेळात पदकांच्या आधीपासून आहे.

महाराष्ट्राच्या पदकांचं मला कौतुक नाही असं कुणी समजू नये. तेजस्विनी सावंत 2010 मध्ये म्युनिकला जगज्जेत्या झाल्या, राही सरनोबत यांनी 2018 च्या एशियाडमध्ये सुवर्ण जिंकलं, 2024 मध्ये स्वप्नील कुसाळे यांनी पॅरिसहून कांस्य आणलं. खाशाबा जाधवांनंतर 72 वर्षांनी मराठी खेळाडूला वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळालं तेव्हा माझ्याही डोळ्यांत पाणी होतं. हे तिघंही नेमबाज कोल्हापूर जिल्ह्यातले. पण त्या पदकांनंतर रेंजचे दरवाजे सगळ्यांसाठी उघडायला हवे होते. बऱ्याच ठिकाणी ते फक्त "पोटेन्शियल" असलेल्या मुलांसाठी उघडले.

खर्चाची अडचण खरी आहे. स्पर्धेच्या दर्जाची परदेशी एअर रायफल लाखांच्या घरात जाते, त्यात जॅकेट, ट्राउझर, बूट वेगळे. पण हौशी माणसाला सुरुवातीला यातलं काहीच स्वतःचं लागत नाही. क्लबची एक रायफल, एक पिस्तूल आणि पेलेटचा डबा पुरतो. प्रिसिहोलसारखे देशी उत्पादक आता आहेत, चार माणसांनी मिळून एक घेता येते. दहा मीटरसाठी मोठी जमीनही लागत नाही, सुरक्षित भिंत आणि नियम जाणणारी माणसं असली की शाळेचा हॉलसुद्धा चालतो.

सरकारी पैशातून उभ्या राहिलेल्या रेंजनी तरी आठवड्यातली एक संध्याकाळ प्रौढ नवशिक्यांसाठी राखून ठेवावी, हे माझं स्पष्ट मत आहे. प्रवेशाच्या फॉर्मवर कमाल वय छापलेलं असेल तर ते खोडावं. आणि जिल्हा संघटनांनी वर्षातून एक तरी अशी स्पर्धा घ्यावी, जिच्यातून कुणाची निवड होणार नाही.

तुमच्या भागात मोठ्या माणसांना शून्यापासून शिकवणारा क्लब असेल तर कमेंटमध्ये गाव आणि क्लबचं नाव लिहा. क्लबची रायफल वापरायला मिळते का, डावखुऱ्यांसाठी सोय आहे का, संध्याकाळी सातनंतर रेंज उघडी असते का, तेही लिहा. नोकरी करणाऱ्या बायकांकडून मला सगळ्यात जास्त हाच शेवटचा प्रश्न येतो.