रोजगार हमी दुष्काळानं दिली नाही

गेले काही दिवस एक मजकूर या गटातून त्या गटात फिरतोय. "72 चा दुष्काळ पडला, सरकारची झोप उडाली आणि रोजगार हमी आली. पाणी गळ्याशी आल्याशिवाय ना माणूस हलतो, ना कारखानदार, ना सरकार. शहरातला माणूस तर गावासाठी दमडी काढत नाही. तेव्हा आधीपासून ओरडण्यात अर्थ नाही." मला हा तीनदा आला. दोनदा सोडून दिला. माझी आजी त्या दुष्काळात खडी फोडायला जात होती, म्हणून आता लिहितेय.

"दुष्काळ पडला म्हणून हमी आली." सालं नीट लावून बघा. विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांनी सांगली जिल्ह्यातल्या तासगाव तालुक्यात ही कल्पना करून पाहिली ती 1965 मध्ये, म्हणजे 72 च्या सात वर्षं आधी. मागेल त्याला काम, आणि त्या कामातून गावाची माती-पाण्याची सोय. 1972 मध्ये योजना राज्यासाठी जाहीर झाली, पण पावसानं दगा दिला आणि हमी बाजूला पडली. तिच्या जागी नेहमीची दुष्काळी कामं निघाली. मे 1973 मध्ये त्या कामांवर जवळपास पन्नास लाख माणसं होती. एवढ्या लोकांना जगवलं, हे त्या कामांचं मोठेपण खरंच. पण ती हमी नव्हती.

फरक आजीच्या बोलण्यातून कळायचा. रस्त्याच्या कडेला ढीग लावायचा, मुकादम मापून घ्यायचा, दुपारी पदरात सुकडी, म्हणजे दुष्काळात वाटायचे तो कोरडा खाऊ. हातोडी बसून तिच्या डाव्या अंगठ्याचं नख गेलं, ते पुन्हा सरळ आलंच नाही. ती म्हणायची, "काम निघालं की जायचं, बंद झालं की घरी बसायचं." काम मागायचा हक्क आपल्याला आहे, असं त्या काळाबद्दल ती कधी बोलली नाही. कारण तो नव्हताच.

"संकट आलं की सरकार हलतं." मग 1876-78 चा दुष्काळ घ्या. माणसं लाखांनी मेली. त्यातून 1880 चं फॅमिन कमिशन, म्हणजे इंग्रज सरकारचा दुष्काळ आयोग, आणि पुढं फॅमिन कोड, म्हणजे दुष्काळात काय करायचं याची नियमावली निघाली, हे मान्य. पण कामं केव्हा काढायची ते ठरवणार साहेब. मजुराच्या हातात काही नाही. एवढा मोठा घाला पडूनही हमीचा कायदा यायला शंभर वर्षं लागली. नुसत्या संकटात ती ताकद असती तर इतका वेळ का लागावा?

"आधी ओरडण्यात अर्थ नाही" या वाक्यानं मला सगळ्यात जास्त त्रास होतो. 1896 च्या दुष्काळात टिळक आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेचे लोक शेतकऱ्यांना फॅमिन कोड समजावून सांगत होते: शेतसाऱ्यातली सूट तुमच्या हक्काची आहे, मागा. कागदावरचं कलम मागितल्याशिवाय जागं होत नाही, हे त्यांना कळलं होतं. आणि पाग्यांनी सात वर्षं आधी तासगावात खटाटोप केला नसता, तर दुष्काळ सरल्यावर पुन्हा हाती घ्यायला काय होतं? पुढच्या दुष्काळापर्यंत खडीचे ढीग, बस्स.

आता राहिला शहरातला माणूस. हमीच्या खर्चासाठी राज्यानं 1975 मध्ये व्यवसाय कर लावला. कर गोळा होईल तेवढीच भर सरकारनं स्वतःच्या तिजोरीतून घालायची, असं ठरलं. मालकांनी तो पगारातून कापून भरायचा. शहरांनी आनंदानं दिला असं मी म्हणणार नाही. गावात काम मिळालं तर मुंबईकडे येणारे लोंढे कमी होतील, हा हिशोब त्यात होता. बागायतदारालाही हमीच्या कामातून होणाऱ्या पाझर तलावानं विहिरीचं पाणी वाढेल, हे दिसत होतं. पण द्यायचं ठरलं, आणि तेही दुष्काळ हटल्यावर. 1977 मध्ये कायदा एकमतानं मंजूर झाला, 26 जानेवारी 1979 पासून लागू झाला: मागितल्यावर पंधरा दिवसांत काम, नाहीतर बेकारी भत्ता.

माझ्या पगाराच्या चिठ्ठीवर आजही दर महिन्याला 200 रुपये कापलेले दिसतात, फेब्रुवारीत 300. पुढं दोनच अक्षरं असतात, पी.टी. प्रोफेशन टॅक्स, तो हाच व्यवसाय कर.