सोनाराचे कान कसे बुजवावेत

सोनारानेच कान टोचावेत म्हणतात. आमच्या गावात उलटं झालं, आम्ही सोनाराचेच कान बुजवले. सराफकट्ट्यावरचा नव्हे हो. पुरासाठी घेतलेल्या बोटीच्या बुडाशी बसवलेला, पाण्याची खोली सांगणारा सोनार. परवा पावसाळ्याआधीची रंगीत तालीम झाली. बोट कृष्णेत उतरली, पडदा लागला आणि खोलीच्या जागी नुसत्या दोन रेघा. तालमीला रंगीत का म्हणतात ते त्या दिवशी कळलं.

तुमच्याही गावात अशी बोट असेल तर आमचा अनुभव फुकट घ्या.

पहिलं म्हणजे सेन्सर कधी धुवायचा नाही. गाळ, शेवाळ, जलपर्णीची मुळं, वरून येणारी मळी, सगळं त्याच्यावर सुखानं वाळू द्या. मऊ फडकं, साधा साबण आणि गोडं पाणी एवढ्यात भागतं खरं, पण मग देखभालीचं बिल कशाचं लावणार?

फारच घट्ट बसलं तर विळा आहेच.

आता मुख्य काम, रंग. तालमीला पाहुणे येणार म्हटल्यावर बोट चकचकीत पाहिजे. आमच्या पेंटरनं आदल्या रात्री निळा ऑइलपेंट काढला. मागं बुडाशी त्याला एक काळा ठोकळा दिसला. "तात्या, तेवढं काळं राहिलंतं बघा, मारून घेतलं. दोन हात दिलेत!" दोन हात! अरे, तो ठोकळाच तर सगळं काम करतो. आपल्याला ऐकू न येणारा आवाज तो पाण्यात सोडतो. तो आवाज सेकंदाला साधारण दीड किलोमीटर वेगानं तळाशी जातो, आपटून परत येतो, आणि जायला-यायला लागलेल्या वेळेवरून खोली निघते. सहा मीटर पाणी असेल तर सगळा मामला सेकंदाच्या शंभराव्या भागाच्या आत. एवढ्या हळव्या कानावर खिडकीच्या गजांचा रंग! मी ओरडलो, तर रंग काढायला थिनर आणला. थिनरनं प्लास्टिकच गेलं. वर मलाच विचारतात, आता कसला रंग मारायचा?

प्लग वायर ओढूनच काढावा.

सॉकेटला टोपी लावू नये, गंजाला हवा लागत नाही. आणि वर्षभर सगळं गोदामात, टीसीएल म्हणजे ब्लीचिंग पावडरच्या पोत्यांशेजारी.

बास झाली थट्टा. सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ ४० फुटांना इशारा, ४५ ला धोका. २०१९ ला पाणी ५७ फुटांवर गेलं, हे मी सांगायला पाहिजे? गढूळ पाण्याखाली कुठं कंपाउंडची भिंत, कुठं उसाचा फड, कुठं ट्रॉली, काही कळत नव्हतं. बांबू खुपसत बोट नेली आपण, आत म्हाताऱ्या आणि लेकरं. त्या भीतीपायी हे यंत्र घेतलं. ते पुढची भिंत दाखवत नाही, बुडाखाली किती पाणी उरलंय तेवढंच सांगतं. तेवढंही आपण बंद पाडलं. सरकारनं नाही, आपण. मंडप घालायला दोन दिवस तीस पोरं येतात आणि फडकं मारायला दहा मिनिटं एक जण मिळत नाही? लाज कशी वाटत नाही रे?

नवा सेन्सर मागवलाय. रविवारी सकाळी घाटावर बसवणार आहे. या. आणि तो निळा डबा घरी ठेवून या.