गुगलला आंबा दिसत नाही

हापूसच्या बागायतदाराची वेबसाइट करायची म्हणजे तिघांची मर्जी राखायची असते. पहिलं गिऱ्हाईक. ते लोकलमध्ये उभं असतं, एक हात वरच्या कडीला, दुसऱ्यात फोन. दुसरा गुगलचा रोबो. त्याला फोटोतल्या आंब्यापेक्षा आंब्याखाली लिहिलेली ओळ जास्त कळते. तिसरा मालक. पहिल्या दोघांचं आपसांत छान जमतं, कारण दोघांना एकच हवं असतं: माल कुठला, पेटीत किती डझन, भाव काय, घरी कधी येणार, आणि हे सगळं झटकन. अडचण फक्त तिसऱ्याची, आणि बिल नेमकं तोच भरणार असतो.

मालकांच्या मागण्या तालुका बदलला तरी बदलत नाहीत. ‘साइट उघडली की वरून आंबे पडू देत.’ ‘मागे सनई असू दे.’ ‘आजोबांचा फोटो स्क्रीनभर.’ ‘आणि गुगलला पहिला नंबर.’ सनईचा प्रश्न परस्पर सुटलाय. २०१८पासून क्रोम न विचारता वाजणारा आवाज अडवतो, त्यामुळे शिव्या त्याला पडतात. पडणाऱ्या आंब्यांवर मात्र एकच युक्तिवाद चालतो: ‘दादा, खाली पडलेला आंबा आपण पेटीत भरतो का?’ मग दादा गप्प होतात आणि आंबे झाडावरच राहतात.

पहिल्या नंबराची हमी कुणालाच देता येत नाही, असं गुगलनंच स्पष्ट लिहून ठेवलंय. तरी ‘सात दिवसांत पहिल्या पानावर’ म्हणणारे लोक मालकांना रोज फोन करतात आणि मालक तो आकडा मला ऐकवतात. वर पुरावाही असतो. मालक रोज सकाळी आपल्याच फोनवर आपल्याच बागेचं नाव टाकतात, साइट पहिली दिसते आणि दिवस चांगला जातो. पण ज्याला बागेचं नाव ठाऊक आहे त्याच्याकडे नंबरही असतोच. बाकीचे ‘देवगड हापूस पेटी भाव’ किंवा ‘केमिकलशिवाय पिकवलेला आंबा पुणे’ असं काहीतरी टाकतात, त्यातले कित्येक रोमन लिपीत. लोक काय टाकून आले ते साइटमालकांसाठीच्या गुगलच्या ‘सर्च कन्सोल’मध्ये फुकट दिसतं. तिथली यादी वाचावी आणि त्या प्रश्नांची उत्तरं पानावर लिहावीत. निम्मं एसईओ, म्हणजे शोधात वर येण्याची खटपट, इथंच संपतं, पण एवढ्या सोप्या कामाचे पैसे मागायला जड जातं.

मजकूर द्या म्हटलं की व्हॉट्सअ‍ॅपवर पत्रक येतं. भाव, पत्ता, फोन, लाल गोळ्यात ‘अस्सल’, सगळं एकाच चित्रात. ‘हेच टाका की, त्यात सगळं आहे.’ आहे, पण फोनवर ते चिमटीनं मोठं करून वाचावं लागतं आणि त्यातला नंबर दाबून फोन लागत नाही. गुगलनं त्या चित्रातली अक्षरं वाचावीत या भरवशावर धंदा करू नये.

मग डीटीपीवाल्याकडून मूळ फाइल येते आणि खरी गंमत सुरू होते. फाइल युनिकोडआधीच्या, म्हणजे प्रत्येक लिपीच्या अक्षराला स्वतःचा ठरलेला क्रमांक मिळण्याआधीच्या, फाँटात असते. आत साठवलेली असतात रोमन अक्षरं आणि चिन्हं. फाँट त्यांना वरून देवनागरी रूप देतो. फाँट निघाला की ‘आंबा’च्या जागी स्वल्पविराम आणि डॉलर. गुगलला दिसतं ते आतलं. म्हणजे अशा पानावर ‘हापूस’ शंभर वेळा लिहिला तरी गुगलच्या लेखी तो एकदाही नाही. असा मजकूर युनिकोडमध्ये नेणारे कन्व्हर्टर फुकट मिळतात, पण त्यांच्या हाती ‘सिंधुदुर्ग’ देऊन बघा. जुन्या फाँटात पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टंकलेली असते आणि रफार अक्षरानंतर. युनिकोडमध्ये दोन्हींचा क्रम उलटा. कन्व्हर्टर चुकला की वेलांटी एकीकडे, रफार दुसरीकडे आणि जिल्हा तिसरीकडेच. रूपांतर झाल्यावर डोळ्यांनी वाचण्याला पर्याय नाही. माझं म्हणाल तर दोन पानांचा मजकूर असेल तर सरळ पुन्हा टंकावा.

देवनागरीचे आणखी हट्ट आहेत. इंग्रजी साइटवर मथळ्याची अक्षरं जरा लांब-लांब ठेवली की रुबाबदार दिसतात. तीच सेटिंग मराठीला लावली की शिरोरेषा तुटते आणि नाव कपड्यांच्या तुटलेल्या दोरीसारखं लोंबतं. अक्षरांतलं अंतर शून्य ठेवायचं. ओळींतलं मात्र वाढवायचं, १.६ ते १.७ पट, नाहीतर वरचे उकार खालच्या मात्रांना भिडतात. फाँटाच्या फायली जड असतात, म्हणून साधा आणि ठळक अशी दोनच वजनं घ्यायची. मुक्त किंवा बलू यांसारखे मोकळे परवान्याचे फाँट झकास चालतात. पानाच्या कोडमध्ये भाषा ‘एमआर’, म्हणजे मराठी, अशी नोंदवायची. गुगल भाषा ओळखतं ते दिसणाऱ्या मजकुरावरून, त्यामुळे ही नोंद त्याच्यासाठी नाही. पण दृष्टिहीनांसाठी पान वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर तिच्यावरून मराठी आवाज निवडतं, आणि काही फाँट मराठी वळणाचे ल आणि श काढतात. पानाच्या पत्त्यात देवनागरी टाकायची हौस मात्र आवरावी. व्हॉट्सअ‍ॅपवर चिकटवल्यावर ‘हापूस’ या एका शब्दाची टक्क्यांच्या चिन्हांसकट ४५ अक्षरं होऊ शकतात. तेवढी लांब लिंक बघून सासूबाई ‘हे हॅकवाल्यांचं आहे’ म्हणून पुढे पाठवत नाहीत.

फोटोंचा हिशेब मालकांना तोंडी पटत नाही, म्हणून तो कागदावर मांडावा. मोबाइलचा फोटो साधारण ५ एमबीचा, म्हणजे ४० मेगाबिटचा. गिऱ्हाइकाचं नेट सेकंदाला ५ मेगाबिट असेल तर तो उतरायला ८ सेकंद लागतात. तोच फोटो १,२०० पिक्सेल रुंद, वेबपी या हलक्या स्वरूपात, १५० केबीच्या आसपास आणला की पाव सेकंद. गुगलची अपेक्षा अशी की पानावरचा सर्वांत मोठा भाग अडीच सेकंदांत दिसावा. म्हणजे आजोबांचा स्क्रीनभर फोटो मूळ वजनात ठेवला तर आजोबांचं कपाळ दिसेपर्यंत गिऱ्हाईक दुसऱ्याकडे पेटी सांगून मोकळं. फोटोची रुंदी-उंची कोडमध्ये लिहायला विसरू नये. ती नसेल तर फोटो उशिरा येऊन खालचा मजकूर ढकलतो, आणि ‘फोन करा’वर टेकवलेलं बोट ‘आमच्याविषयी’वर पडतं. आणि ‘खाली सरकल्यावरच फोटो उतरव’ ही सोय सगळ्यात वरच्या फोटोला लावू नये. जो आधी दिसायला हवा तोच रांगेत मागे जातो.

रंग अर्थात आंब्याचा. पांढऱ्यावर पिवळी अक्षरं! वाचता यावं म्हणून अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजेडाचं प्रमाण किमान ४.५ ला १ असावं लागतं. आंब्याचा पिवळा पांढऱ्यावर दोनाच्याही खाली जातो. पिवळा पट्टीला आणि बटणाला द्यावा, त्यावरची अक्षरं काळपट तपकिरी.

पानाचं शीर्षक, म्हणजे गुगलच्या यादीत दिसणारी ओळ, ही सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित जागा. अर्ध्या कोकणाच्या साइटींचं शीर्षक ‘होम’ असतं. त्याजागी ‘देवगड हापूस: पेटीचा भाव आणि मुंबई-पुण्यात घरपोच’ असं साठ अक्षरांच्या आत लिहावं. कोडमध्ये दडलेला, शोधशब्दांच्या यादीचा ‘कीवर्ड मेटा टॅग’ भरत बसू नये, क्रमवारीसाठी तो वापरत नाही असं गुगलनं २००९मध्येच सांगितलंय. पांढऱ्यावर पांढऱ्या अक्षरांत ‘हापूस हापूस हापूस’ लिहिण्याची भाच्यानं सुचवलेली युक्तीही त्याच काळातली. आज ती स्पॅममध्ये मोडते. त्यापेक्षा भौगोलिक मानांकनाची नोंदणी असेल तर तिचा क्रमांक चित्रात नव्हे, मजकुरात टाकावा. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या जिल्ह्यांच्या हापूसला ते २०१८मध्ये मिळालं, आणि बाजारात कुठलाही आंबा देवगडचा होत असताना गिऱ्हाईक नेमकं हेच शोधत असतं.

भाव लिहायला मात्र मालकांचा हात धजत नाही. ‘शेजारचा बघेल ना!’ शेजाऱ्याला भाव तुमच्या गड्याकडून आदल्या रात्रीच कळलेला असतो. फळाच्या वजनाप्रमाणे पेटीत डझन किती, भाव किती, आणि तो कुठल्या तारखेचा, एवढा तक्ता पुरतो. ‘भावासाठी संपर्क साधा’ वाचून संपर्क साधणारे फक्त बाकीचे बागायतदार असतात.

इतकं करूनही साइट गुगलला दिसतच नसेल तर वर्डप्रेसच्या वाचन-सेटिंगमधला ‘शोधयंत्रांनी नोंद घेऊ नये’ हा चौकोन बघावा. साइट बांधताना त्यावर खूण करतात आणि उद्घाटनाच्या नारळाच्या गडबडीत ती तशीच राहते. दुसरी शंका पत्त्याची. डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूसह, त्याविना, एचटीटीपी, एचटीटीपीएस, अशी एकाच साइटची चार दारं होतात. एक उघडं ठेवून बाकीची ३०१नं, म्हणजे ‘पत्ता कायमचा बदलला’ या निरोपानं, तिकडे वळवायची.

हंगामाचं गणित वेगळंच. नव्या पानाला गुगलवर पाय रोवायला काही महिने लागतात, आणि मालकांना साइट आठवते पाडव्याच्या आठवड्यात. काम मोहोराच्या आधी हवं. दर वर्षी नवं पान काढायचं नाही; एकाच पत्त्यावर भाव आणि तारखा बदलत राहायच्या, म्हणजे आधीची पुण्याई वाया जात नाही. जून लागला की हमखास निरोप येतो: ‘आंबा संपला, आता साइट बंद करून टाका.’ बंद करायची नाही. ‘हंगाम संपला, पुढच्या वर्षीसाठी नंबर ठेवा’ एवढं लिहून पान जागेवर ठेवायचं आणि आंबापोळी, फणसपोळी, कोकम आगळ यांना प्रत्येकी आपापलं पान द्यायचं. आगळाच्या सरबताचं प्रमाण लिहून द्या म्हटलं की मालक ‘ते घरात विचारावं लागेल’ म्हणून फोन आत देतात. मग काकूंचा लांबलचक व्हॉइस मेसेज येतो. आगळात मीठ असतंच, म्हणून सरबतात वरून घालताना चाखून बघा. साखर आधी पाण्यात विरघळवा. जिरं भाजूनच कुटा. उरलेल्या आगळात सोलकढी कशी करायची. साइटवरचा सगळ्यात चांगला मजकूर हाच. तो शब्दन् शब्द उतरवून घ्यावा, फक्त मधला शेजारणीबद्दलचा भाग गाळावा.