केवढ्याला घेतलंस?

सांगलीत वस्तू विकत घ्यायला पैसे लागतात आणि ती घेऊन घरापर्यंत पोहोचायला छाती लागते. हरभट रोडवरून हातात पिशवी घेऊन निघालेला माणूस ही सार्वजनिक मालमत्ता असते. ओळखीचा कुणीही थांबवतो, बोटानं पिशवीचं तोंड फाकवतो, आत डोकावतो आणि विचारतो, "केवढ्याला घेतलंस?" आकडा कितीही सांगा, त्याचा चेहरा मयताला आल्यासारखा होतो. "चुना लावला की रे तुला! मला विचारायचं होतंस."

आता हेच गृहस्थ आदल्या दिवशी भेटले असते आणि आपण खरंच विचारलं असतं, तर काय म्हणाले असते? "सगळे सारखेच. घे कुठलाही." मत हे पावती फाटल्यावरच पिकतं.

मी पतसंस्थेत काउंटरवर बसतो. त्यामुळं पेन या विषयावरची मतं मला फुकट आणि मुबलक मिळतात. ज्याच्याकडं पेन नसतो त्याचं पेनबद्दलचं मत सगळ्यात पक्कं असतं. स्लिप भरायला माझाच पेन मागून घेतात, दोन अक्षरं लिहून तोंड वाकडं करतात. "घासतोय की हा. कुठला वापरताय साहेब?" आणि तो घासणारा पेन स्वतःच्या खिशाला लावून चालू पडतात. टोपण माझ्याकडं राहतं. माझ्या खणात टोपणांचा असा साठा आहे की नुसते पेन मिळाले तर दुकान टाकता येईल.

दुकानात पेन निवडताना बघा. काउंटरवर एक चोपडी ठेवलेली असते, चालवून बघायला. तिच्यावर गोल गोल भिंगऱ्या असतात, एक 'श्री' असतो, आणि बाकी सगळ्या सह्या. कोऱ्या कागदावर सही करू नये असं घरोघरी शिकवतात. पण पाच रुपयांच्या पेनासाठी अख्खी सांगली त्या चोपडीवर सह्या करून मोकळी झालेली आहे.

आमच्या गल्लीत एक निवृत्त हेडक्लार्क आहेत, शाईपेनवाले. बॉलपेननं अक्षर बिघडतं, हे त्यांचं ठाम मत. त्यांनी शाईपेननं लिहिलेला अर्ज आमच्याकडं आला की वाचायला त्यांनाच बोलवून आणावं लागतं. ते येतात, चष्मा वर करतात, खाली करतात आणि म्हणतात, "शाई चांगली नव्हती."

बॉलपेन की जेलपेन या वादाचा निकाल मात्र आमच्याकडं 2019 च्या महापुरानं लावला. पाणी ओसरल्यावर एका किराणावाल्यानं उधारीच्या वह्या दोरीवर वाळत घातल्या होत्या. बॉलपेनची शाई तेलकट, ती पाण्याला जुमानली नाही. जेलची शाई पाण्यातली. ती कृष्णामाईबरोबर नरसोबाच्या वाडीला गेली. ज्यांची नावं बॉलपेनात होती ते पुढं महिनाभर गल्ली बदलून फिरत होते. आणि जेलवाले अजूनही सांगतात, लिहावं तर जेलनंच, काय गुळगुळीत चालतो!

डबाबंद खाण्याबद्दल आमच्या आत्याचं मत न उघडताच तयार असतं. मी अननसाच्या चकत्यांचा 850 ग्रॅमचा डबा आणला. आत्यानं तो कानाशी हलवला. "डुबूक वाजतंय. पाणी विकलंय तुला." मी डब्यावर पाक निथळून उरणारं वजन वेगळं छापलेलं असतं ते दाखवलं. बघून ती जास्तच भडकली. "म्हणजे छापून फसवलंय!" मग डबा वरून, खालून अंगठ्यानं दाबून पाहिला. फुगलेला डबा घेऊ नये, आत जंतूंनी वायू केलेला असतो, हे तिला कुणी शिकवलं ठाऊक नाही, पण ती बाजारात मुलगी बघायला गेल्यासारखी डबे बघते.

डबा फोडायचा कशानं, हा पुढचा प्रश्न. इंग्लंडात पीटर ड्युरांडनं पत्र्याच्या डब्याचं पेटंट घेतलं 1810 मध्ये. अमेरिकेत एझ्रा वॉर्नरनं डबा फोडायच्या हत्याराचं पेटंट घेतलं 1858 मध्ये. मधली 48 वर्षं लोक छिन्नी-हातोडी घेऊन जेवायला बसत. आमचं घर अजून त्या 48 वर्षांतच आहे. खिळा, वरवंटा आणि घरातली सगळी माणसं, प्रत्येकाचं मत वेगळं. "कडेनं मार." "अरे, मधोमध मार." शेवटी पाक पहिल्यांदा छतावर गेला आणि मग ताटात आला. उरलेल्या पाकाचा आत्यानं अननसाचा शिरा केला, जो सगळ्यांनी दोनदा घेतला. "बघा, चव नाहीच डब्यातल्याला," असं ती वाढताना म्हणत होती.

एवढं सगळं सोसून मी गाण्यासाठी ब्लूटूथ स्पीकर आणला, ही हिंमत होती. कारण माझे मामा मिरजेचे. मिरज म्हणजे तंबोऱ्यांचं, अब्दुल करीम खाँसाहेबांचं गाव. तिथला माणूस कुकरच्या शिट्टीचाही स्वर सांगतो.

मामांनी स्पीकर तळहातावर घेतला. "केवढ्याला?" मी सांगितलं. मामांनी डोळे मिटले. मग मी भैरवी लावली. "खर्ज कुठाय रे? डब्यात बसून गातोय कोण हा?" तंबोऱ्याच्या घोडीवर तारेखाली सुताचा धागा सरकवतात, त्याला जीवा म्हणतात, तो केसभर इकडंतिकडं झाला की जवारी, म्हणजे तारेची गुंज, खुलते, हे त्यांनी मला अर्धा तास समजावलं. आणि मग त्याच न्यायानं स्पीकरखाली आधी रुमाल, मग सुपारीचं खांड, मग आत्याचा तोच रिकामा डबा ठेवून पाहिला. डब्यावर ठेवल्यावर खोली दणाणली. "आता जरा बरा बोलतोय," मामा म्हणाले, "पण पैसे गेले तुझे."

जाताना ते स्पीकर डब्यासकट घेऊन गेले, भजनी मंडळात सगळ्यांना ऐकवून मत घेतो म्हणाले. परवा मीच फोन केला.

"चार्जिंग टिकत नाही रे याचं," मामा म्हणाले. "असू दे हा माझ्याकडं. तू तुझ्यासाठी चांगला घे."

"कुठला घेऊ?"

"सगळे सारखेच. घे कुठलाही."