धारेवर धरणे

माझ्या खिशातला चाकू बोथट झाला आहे, हे मला राजगडावर पद्मावती माचीवर, पाच भुकेल्या सोबत्यांच्या देखत समजले. लाल मुठीचा हा स्विस चाकू भाच्याने तिकडून आणून दिलेला. त्याच्या मूळ पुरुषाची, म्हणजे ‘अधिकाऱ्यांच्या चाकू’ची, कायदेशीर नोंद १२ जून १८९७ रोजी झाली, ही माहिती मी गड चढताना सर्वांना दोनदा ऐकवली होती. त्यामुळे काकडी कापण्याचा मान साहजिकच माझ्याकडे आला. मी पाते टेकवून दाब दिला, तेव्हा काकडी वाकली, घसरली, एकदा तर मांडीवरून उडाली. पण चिरली काही गेली नाही. अखेर एका मित्राने ती गुडघ्यावर आपटून तिचे दोन तुकडे केले आणि म्हणाला, “ठेव तो आत. थंडीने आखडला असेल.”

चार वर्षे त्या चाकूने मी केवळ पार्सलांची खोकी फोडली होती, आणि पुठ्ठ्याइतका धारेचा वैरी दुसरा नाही, हे मला कोणी सांगितले नव्हते. घरी आल्याबरोबर मी धार लावण्याचे एक खिशात मावणारे साधन मागवले. काडेपेटीएवढ्या त्या वस्तूला दोन खाचा होत्या : एकीत टंगस्टन कार्बाइडच्या पट्ट्या, दुसरीत चिनी मातीच्या कांड्या. पहिलीतून पाते तीन-चार वेळा हलकेच ओढावे, अशी सूचना होती. मी चाळीस वेळा, दात-ओठ खात ओढले, कारण फरक दिसेनासा झाला की जोर वाढवायचा हा आमचा घराण्याचा शिरस्ता आहे. कार्बाइड धार लावत नाही, पोलाद खरवडून काढते. जेवणाच्या टेबलावर राखाडी किसाचा छोटासा ढीग साचला. त्यातच ओढण्याऐवजी ढकलण्याची दुर्बुद्धी झाली आणि ज्याला उघडे ठेवणारा खटका नाही असे ते पाते खाडकन मिटून माझ्या बोटांवर आले. बोथट होते म्हणून बोटे वाचली.

मग मी हिऱ्याची भुकटी बसवलेली, धार लावायची दुहेरी पट्टी आणली, एक बाजू भरड आणि एक बारीक, आणि कोनाच्या नादी लागलो. अशा चाकूला प्रत्येक बाजूने पंधरा ते वीस अंशांचा कोन हवा असतो. मुलीच्या कंपासपेटीतला कोनमापक हाती लागेना, तेव्हा कागदाचा काटकोनी कोपरा दोनदा दुमडून साडेबावीस अंश मिळवले आणि वरचे अडीच अंश मनाने वजा केले. धारेच्या कडेला मार्करने काळे फासून पाते घासले की शाई जिथून जाते तिथे कोन बरोबर, हीही युक्ती शिकलो. माझी शाई सर्वत्र गेली, फक्त धारेवरची तेवढी राहिली. पण तिसऱ्या रात्री, एकच बाजू घासता घासता, पलीकडच्या बाजूला अंगठ्याला काहीतरी खरखरले. पोलादाची ती केसाएवढी दुमड, जिला कारखान्यातले लोक ‘बर’ म्हणतात, ती आली म्हणजे घासणे धारेपर्यंत पोहोचले. ती दुसऱ्या बाजूने हलक्या हाताने उतरवायची, आणि मग जुन्या कातडी पट्ट्यावर पाते उलटे, पाठीच्या दिशेने ओढायचे. रात्री साडेबारा वाजता मी पत्नीला उठवून तो अंगठा दाखवला. तिने तो पाहिला आणि कूस बदलली.

बहुपयोगी पकडीतल्या करवती पात्याविषयी थोडक्यात सांगतो : त्याचा प्रत्येक दाता निमुळत्या कांडीने वेगळा घासावा लागतो, दात एकूण किती हे मी मोजले, आणि पकड परत खणात ठेवली.

त्यानंतर घरात कागद टिकेना. रविवारची पुरवणी वाचण्याआधीच तिच्या पट्ट्या होत, आणि डाव्या हातावरचे केस धारेच्या परीक्षेत कामी आल्याने तिथे तळहाताएवढे टक्कल पडले. पत्नीने एकदाच विचारले, “माझ्या सुरीलाही लावून देता का?” मी कोन, बर आणि पट्टा या क्रमाने समजावू लागलो. ती ऐकत होती, पण ऐकता ऐकता तिने लोणच्याची रिकामी बरणी उपडी केली आणि तिच्या बुडाच्या झिलई नसलेल्या खरबरीत कडेवर सुरी दोन्ही बाजूंनी पाच-पाच वेळा ओढली. मग टोमॅटो घेतला. तो सुरीच्या वजनानेच उतरला.

“बरणी गडावर नेता येत नाही,” एवढेच मी म्हणू शकलो.

पुढच्या महिन्यात आम्ही पुन्हा राजगडावर गेलो. या वेळी मी आधी काही बोललो नाही, नुसता चाकू उघडला. काकडीच्या चकत्या अशा पडू लागल्या की त्यांतून समोरची सुवेळा माची दिसावी. मीठ भुरभुरावे तर चकती मिठाच्या भाराने लवत होती. सगळ्यांनी माना डोलावल्या. अर्धी काकडी संपायला पंधरा मिनिटे लागली, कोणाच्याही तोंडाला चव लागेना, आणि उरलेल्या दोन काकड्या त्या मित्राने निमूटपणे उचलून गुडघ्यावर आपटल्या.