आधी कॉलेजात कायमचे सर द्या, मग चौथ्या वर्षाचं बोला

आमच्या खानदेशातल्या एका अनुदानित कॉलेजातले केमिस्ट्रीचे शेवटचे परमनंट सर रिटायर झाले. शाल-श्रीफळ झालं, भाषणं झाली, आणि दुसऱ्या दिवसापासून ते आख्खं डिपार्टमेंट सीएचबीवर आलं. ज्यांच्या घरात कोणी या लाइनीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, सीएचबी म्हणजे तासिका तत्त्व. तास घेतला तर त्या तासाचे पैसे, नाही घेतला तर काही नाही, मग दिवाळी असो, परीक्षा असो की मे महिना असो. माझी पोरगी त्याच कॉलेजात एसवायला आहे त्यामुळे हे जवळून बघतोय, आणि आता लिहिल्याशिवाय राहवत नाही.

कॉलेज म्हटलं की सध्या सगळी चर्चा नव्या शैक्षणिक धोरणावर येऊन थांबते. धोरण आलं जुलै 2020 ला, आपल्याकडे स्वायत्त कॉलेजांत ते 2023-24 पासून सुरू झालं आणि बाकीच्या संलग्न कॉलेजांत 2024-25 पासून. मेजर, मायनर, ओपन इलेक्टिव्ह, स्किलचे पेपर, ऑन जॉब ट्रेनिंग, एका सेमला 22 क्रेडिट (म्हणजे शिकलेल्या अभ्यासाचे खात्यावर जमा होणारे गुणांक), तीन वर्षांचे 132, चौथं वर्ष केलं तर 176. एक वर्ष करून सोडलं तर सर्टिफिकेट, दोन वर्षांनी डिप्लोमा, तीन वर्षांनी डिग्री. मला यातलं बरंच काही पटतं बरं का. आपल्याकडे किती पोरी एसवायला असताना लग्न होऊन जातात आणि दोन वर्षं शिकूनही हातात बारावीचीच मार्कशीट राहते, हे आपल्या प्रत्येकाच्या घरात नाहीतर भाऊबंदकीत घडलेलं आहे. आता निदान तिचे क्रेडिट तिच्या नावावर जमा राहतील आणि उद्या सासरच्या गावी परत शिकावंसं वाटलं तर पहिल्यापासून सुरुवात करावी लागणार नाही. ज्याने कोणी हा विचार केला त्याने पोरींचा विचार केला, एवढं मी मान्य करतो.

पण मायनर शिकवणार कोण? हा एकच प्रश्न मी ज्याला त्याला विचारतोय आणि त्याचं सरळ उत्तर कोणाकडे नाही.

ॲडमिशनच्या वेळी काउंटरवर एक बाई पोरीला घेऊन उभ्या होत्या, बिचाऱ्या वावरातून सरळ आलेल्या, त्यांनी मला विचारलं, "भाऊ, हाई मेजर मायनर काय शे?" मी माझ्या परीने सांगितलं की एक मुख्य विषय घ्यायचा, त्याच्या जोडीला दुसरा आपल्या आवडीचा. पोरीला मानसशास्त्र पाहिजे होतं. काउंटरवरचे भाऊसाहेब म्हणाले, विषय यादीत आहे पण शिकवायला कोणी नाही, इतिहास घेऊन टाका. झालं, घेतला इतिहास. पुण्यात एखाद्या मोठ्या कॉलेजात पंधरा-वीस डिपार्टमेंट असतील तिथे निवड करण्याला काही अर्थ असेल, आमच्या तालुक्याला जिथे विषयच मोजके आणि त्यातल्याही अर्ध्या विषयांना कायमचा माणूस नाही तिथे पोरांनी निवडायचं काय, जे शिल्लक आहे ते घ्यायचं.

आता चौथ्या वर्षाचं बघा. 2024 ला जी पोरं एफवायला गेली त्यांचं चौथं वर्ष 2027-28 ला येईल. त्यात दोन रस्ते आहेत, एक साधं ऑनर्स आणि दुसरं रिसर्चसह ऑनर्स. रिसर्चवाल्यासाठी यूजीसीनेच, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगानेच, अट घातली आहे की पहिल्या सहा सेमला 75 टक्के पाहिजेत, आणि त्या डिपार्टमेंटला पीएचडीचे मान्यताप्राप्त गाइड असलेले किमान दोन परमनंट प्राध्यापक पाहिजेत. दोन परमनंट, आणि दोघंही गाइड! जळगावच्या, धुळ्याच्या मोठ्या कॉलेजांना ते जमेल. पण अक्कलकुव्याला, धडगावला, पारोळ्याला, मुक्ताईनगरला किती डिपार्टमेंटमध्ये असे दोन जण बसलेले आहेत ते तुम्हीच आठवून बघा. म्हणजे पोराने 80 टक्के जरी पाडले तरी त्याला रिसर्चचं चौथं वर्ष आपल्या गावात करता येणार नाही, कारण त्याच्या सरांची जागा सरकारने भरली नाही. पोराचा यात काय दोष? ज्याच्या बापाची ऐपत आहे त्याला तो पुण्याला पाठवेल, खोली करून देईल. ज्याची नाही त्याचं पोर तीन वर्षांवर थांबेल, आणि नियम असा की चार वर्षंवाल्याला पुढे एमए-एमएस्सी एका वर्षात होते, तीन वर्षंवाल्याला दोन वर्षं लागतात.

सीएचबीवाल्यांबद्दल थोडं सविस्तर लिहितो कारण लोकांना वाटतं कॉलेजात शिकवतो म्हणजे प्राध्यापक, म्हणजे लाखाच्या घरात पगार. माझा मावसभाऊ सीएचबीवर आहे. सेट म्हणजे प्राध्यापकाची पात्रता परीक्षा पास झालेला, पीएचडी झालेला. यूजीसीच्या स्केलला असिस्टंट प्रोफेसरचं सुरुवातीचं बेसिकच 57,700 आहे, आणि तेच शिकवणाऱ्या, तेवढंच शिकलेल्या या माणसाच्या हातात महिन्याला काय पडतं ते सांगायची मला लाज वाटते, कारण त्याला तासच ठरवून दिलेले असतात, त्याच्या वर मिळत नाहीत. तेही दर महिन्याला येत नाही, बिल निघेल तेव्हा येतं, चार-पाच महिन्यांचं एकदम. दरवर्षी नवीन जाहिरात, नवीन मुलाखत, नवीन ऑर्डर. त्यामुळे कॉलेज जूनला सुरू झालं तरी त्याचा पहिला तास ऑगस्टला किंवा सप्टेंबरला होतो आणि सेमची परीक्षा काही त्याच्यासाठी थांबत नाही. सकाळी कॉलेज, दुपारी क्लास, आणि सीझनला कापसाच्या व्यापाऱ्याकडे हिशोब लिहायला जातो. चाळिशी जवळ आली. लग्न जमताना मुलीकडच्यांनी पहिला प्रश्न विचारला, परमनंट का? पुढचा प्रश्न त्यांनी विचारला नाही.

हा माणूस वाईट शिकवतो का, तर अजिबात नाही. पोरांना त्याचाच तास आवडतो. पण तास संपला की त्याला निघावं लागतं, कारण दुसऱ्या गावच्या कॉलेजला पोचायचं असतं. माझा सगळा मुद्दा इथे आहे. कॉलेज म्हणजे काही नुसते तास नाहीत. आम्ही बीएस्सी करत होतो तेव्हा आमचे फिजिक्सचे सर संध्याकाळी पाचपर्यंत डिपार्टमेंटला असायचे, त्यांना माहीत असायचं की अमका पोरगा आठ दिवस आला नाही म्हणजे घरी कापूस वेचणी चालू आहे, तमका आला नाही म्हणजे त्याच्या गावची एसटी बंद झाली. ते निरोप पाठवायचे. वेचणी संपवून आलेल्या पोरांची राहिलेली प्रॅक्टिकल शनिवारी करून घ्यायचे. स्कॉलरशिपच्या फॉर्मवर सही करताना विचारायचे, वडिलांनी दाखला काढला का, नसेल तर तहसीलला माझ्या ओळखीचा माणूस आहे. आमच्या बॅचचे जे चार-सहा जण एमएस्सीला गेले ते त्या सरांनी मागे लागून फॉर्म भरायला लावला म्हणून गेले, नाहीतर आम्हाला बांभोरीच्या टेकडीवर विद्यापीठात आपल्यासारख्यांना शिकता येतं हेच माहीत नव्हतं. हे कुठल्याच क्रेडिटमध्ये मोजलं जात नाही आणि हे करायला माणूस पाच-दहा वर्षं एका जागी टिकावा लागतो.

नंदुरबारकडे तर हे दुप्पट खरं आहे. सातपुड्यातून येणारी पोरं घरी भिली बोलतात, पावरी बोलतात, मराठी त्यांची शाळेची भाषा, आणि कॉलेजात इंग्रजी शब्दांचा मारा. त्यांचं काय अडतंय हे कळायलाच शिक्षकाला दोन वर्षं लागतात. आणि आपण तिथे दरवर्षी नवीन माणूस पाठवतो, तोही अर्धं सेम उलटल्यावर. त्यात वरून सांगायचं की केंद्र सरकारच्या स्वयम पोर्टलवरून ऑनलाइन कोर्स करा, 40 टक्क्यांपर्यंत क्रेडिट तिथून घेता येतात. मोलगीच्या वरच्या पाड्यावर जिथे मोबाइल धरून टेकाडावर चढावं लागतं तिथल्या पोरीला हे सांगायचं? आणि नेटवर्क आलं तरी तिला शंका विचारायला समोर कोणी पाहिजे ना.

आपल्या खानदेशाला कॉलेज काही फुकट मिळालेलं नाही. जळगावचं मूळजी जेठा आणि अमळनेरचं प्रताप, दोन्ही 1945 ची. त्याच्या आधी इथल्या पोराला पुढे शिकायचं तर नाशिक, पुणे नाहीतर मुंबई गाठावी लागायची, किती जणांना परवडत असेल? अमळनेरला प्रतापशेठजींनी 1916 मध्ये तत्त्वज्ञान मंदिर काढलं, त्याच गावात साने गुरुजी 1924 पासून शाळेत शिकवत होते आणि वसतिगृहात पोरांसोबत राहत होते. नंतर कितीतरी वर्षं आपण पुणे विद्यापीठाला जोडलेले होतो, साधी मार्कशीटमधली स्पेलिंगची चूक दुरुस्त करायची म्हटलं तरी रात्रीच्या एसटीने पुण्याला. म्हणून लोकांनी आंदोलनं केली आणि 15 ऑगस्ट 1990 ला आपलं स्वतःचं उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ झालं, 2018 ला त्याला बहिणाबाईंचं नाव मिळालं. ज्या लोकांनी शाळा-कॉलेजला जमिनी दिल्या, धान्य दिलं, पैसे दिले, त्यांनी बिल्डिंगसाठी नाही दिले, त्या बिल्डिंगमध्ये कोणीतरी शिकवणारा बसेल म्हणून दिले.

मला लगेच दोन गोष्टी ऐकवल्या जातील हे माहीत आहे.

एक, पोरंच वर्गात येत नाहीत, मग सर भरून काय करायचं. पोरं येत नाहीत हे खरं आहे. कोणी एमपीएससी, पोलीस भरतीच्या मागे आहे, कोणी सुरतला कामाला आहे आणि नुसतं परीक्षेला येतं, बारावीपर्यंत तर क्लास आणि कॉलेजची टाय-अपच झालेली असते त्यामुळे वर्गात बसायची सवय तिथेच मोडते. पण माझी पोरगी पहिल्या सेमला रोज दीड तास एसटीने जायची आणि चारपैकी दोन तास रिकामे, पुढे तिने जायचंच कमी केलं. आधी सर गायब झाले की आधी पोरं गायब झाली यावर वाद घालत बसा, माझ्या मते सर आधी गेले. जिथे एखाद्या विषयाला जीव लावणारा माणूस बसलेला आहे तिथला वर्ग आजही भरतो, जाऊन बघा.

दुसरं, परमनंट झालेले तरी कुठे शिकवतात. असेही आहेत, नाही म्हणत नाही. पण जे शिकवणारे आहेत त्यांचं काय करून ठेवलंय तेही बघा. डिपार्टमेंटला एकटा माणूस, त्याच्याकडे नॅकच्या म्हणजे कॉलेजच्या मूल्यांकनाच्या फाइली, परीक्षा, एनएसएस, ॲडमिशन कमिटी, पोरांचे एबीसी आयडी म्हणजे क्रेडिट जमा ठेवायची खाती काढणं, सगळं. क्लार्कच्या जागा रिकाम्या, लॅब अटेंडंटच्या जागा रिकाम्या, कुठे ग्रंथपाल नाही तर लायब्ररी शिपायाच्या भरवशावर. तो माणूस शिकवेल कधी?

आणि भरतीचा विषय निघालाच तर जे सगळे दबक्या आवाजात बोलतात ते मी इथे मोठ्याने बोलतो. जागा निघाली की तिचा रेट किती हे गावच्या चहाच्या टपरीवर माहीत असतं. जमीन विकून सर झालेल्या माणसाला आपण कुठल्या तोंडाने सांगणार की मन लावून शिकव? म्हणून नुसत्या जागा भरा एवढी मागणी पुरत नाही. मुलाखतीचे मार्क, उमेदवाराचे सेट-नेटचे, पीएचडीचे, अनुभवाचे मार्क, सगळं कॉलेजच्या वेबसाइटवर लागलं पाहिजे, आणि ज्यांनी दहा-दहा वर्षं सीएचबीवर काढली त्यांच्या अनुभवाला वजन मिळालं पाहिजे.

बीसीए-बीबीएचंही तेच झालं, 2024 ला अचानक त्याला सीईटी लागू केली, खेड्यातल्या पोरांना बारावीचा निकाल लागल्यावर कळलं की फॉर्मची तारीख कधीच गेली. जागा रिकाम्या राहिल्या, मग परत सीईटी घेतली. वर्गात एक सल्ला देणारा सर असता तर तारीख जायच्या आधीच पोरांना सांगितलं असतं.

मी धोरणाच्या विरोधात नाही. मला फक्त क्रम उलटा करून पाहिजे. आधी प्रत्येक अनुदानित कॉलेजात प्रत्येक मेजरला किमान दोन परमनंट माणसं, मग मायनर, मग चौथं वर्ष. आणि जोपर्यंत ते होत नाही तोपर्यंत सीएचबीवाल्यांची ऑर्डर एक जूनला निघाली पाहिजे, अकरा महिन्यांची, दर महिन्याला खात्यात पैसे पडतील अशी. याला काही क्रांती लागत नाही, एक जीआर लागतो.

आपल्या हातात काय आहे ते सांगतो. अनुदानित कॉलेजाला माहिती अधिकार लागू आहे. तुमच्या तालुक्याच्या कॉलेजला साधा अर्ज टाका, विषयवार मंजूर पदं किती, भरलेली किती, सीएचबीवर किती, आणि चालू वर्षात सीएचबीचा पहिला तास कोणत्या तारखेला झाला. मी आमच्या कॉलेजला टाकतोय. ज्यांनी डिग्री घेतली आहे त्यांनी विद्यापीठाच्या अधिसभेसाठी, म्हणजे सिनेटसाठी, पदवीधर म्हणून नाव नोंदवा, तिथे पदवीधरांच्या दहा जागा असतात आणि आपल्यातले बहुतेक जण कधीच नोंदणी करत नाहीत. मत मागायला येईल त्याला माहिती अधिकारात मिळालेली हीच रिकाम्या जागांची यादी दाखवा. अर्जाचा नमुना ज्याला पाहिजे त्याने मेसेज करा, मराठीत तयार आहे, फक्त कॉलेजचं नाव टाकायचं आहे.