खुलासा: ‘शक्ती कायदा लागू, २१ दिवसांत फाशी’ हा मेसेज

महाराष्ट्रात शक्ती कायदा लागू झाला, आता बलात्काऱ्याला २१ दिवसांत फाशी होणार, असा मेसेज कालपासून ग्रुपवर फिरतोय. तो खोटा आहे. घाईत मीही तो पुढे पाठवला होता, चूक माझीच.

महाराष्ट्र विधिमंडळाने महिला आणि मुलांवरील अत्याचारांना कडक शिक्षा देणारं शक्ती विधेयक डिसेंबर २०२१ मध्ये मंजूर केलं, इथपर्यंत खरं. पण फौजदारी कायदा समवर्ती सूचीत येतो, म्हणजे त्यावर केंद्र आणि राज्य दोघंही कायदे करू शकतात. राज्याची तरतूद केंद्राच्या कायद्याशी विसंगत असेल, तर राज्यघटनेच्या अनुच्छेद २५४(२) प्रमाणे राष्ट्रपतींची संमती लागते. ती मिळालीच नाही, म्हणून शक्ती कधी अमलात आला नाही. शिवाय ज्या भारतीय दंड संहितेत तो बदल करणार होता, तीच १ जुलै २०२४ पासून गेली. आता तिच्या जागी भारतीय न्याय संहिता आहे.

आणि ‘२१ दिवस’? तो आकडा आंध्र प्रदेशच्या २०१९ च्या दिशा विधेयकातला: तपासाला ७, खटल्याला १४ कामकाजाचे दिवस. त्यालाही संमती मिळाली नाही.

आज बलात्काराच्या तपासाची मुदत भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (तपास आणि खटला कसा चालवायचा ते सांगणारा कायदा) कलम १९३ नुसार दोन महिने आहे. तक्रार द्यायला निघालेल्या बाईला हे नीट माहीत असायला हवं. तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका. पाठवला असेल तिथे हा खुलासा टाका.